एका अक्षराची चूक आणि खुंटलेली उंची: डॉ. मीना देसाईंचं संशोधन नेमकं काय सांगतं?

सिन्नर तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळच्या परिपाठाला मुलं उंचीप्रमाणे उभी असतात. पहिलीपासून सातवीपर्यंत कायम सगळ्यात पुढे उभं राहणारं एखादं मूल जवळपास प्रत्येक वर्गात असतं. घरचे म्हणतात, "आमच्याकडे सगळे बुटकेच." शेजारचे म्हणतात, "सोळावं लागलं की एकदम उंची फेकेल." आणि बहुतेक वेळा दोघंही बरोबर असतात.

पण सगळ्याच वेळा नाही. काही मुलांची उंची वाढत नाही, कारण त्यांच्या शरीरात उंची वाढवणारं हार्मोनच तयार होत नाही. अशी मुलं एकाच घरात दोन-तीन असतील, तर कारण अनेकदा जनुकात सापडतं. पश्चिम भारतातल्या अशा कुटुंबांमध्ये एक ठरावीक जनुकीय चूक पुन्हा पुन्हा दिसते, हे २००४ आणि २००५ साली छापून आलेल्या दोन शोधनिबंधांनी दाखवलं. त्यातल्या २००५ च्या निबंधाच्या पहिल्या लेखिका होत्या मुंबईच्या डॉ. मीना देसाई.

मधुमेह आणि थायरॉइड सोडले तर हार्मोनच्या डॉक्टरांकडे जायची वेळ फार जणांवर येत नाही. म्हणून हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. मात्र लहान मुलांच्या हार्मोन विकारांचा भारतात जो काही अभ्यास उभा राहिला, त्याच्या पायाभरणीत त्या होत्या.

आधी पिट्यूटरी समजून घेऊ

नाकाच्या मुळाच्या मागे, कवटीच्या तळाशी हाडात एक छोटासा खळगा आहे. त्याचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा. त्यात मटारच्या दाण्याएवढी ग्रंथी बसलेली असते. वजन साधारण अर्धा ग्रॅम. मराठी पाठ्यपुस्तकात तिला पीयूष ग्रंथी म्हणतात, डॉक्टर पिट्यूटरी म्हणतात.

एवढीशी असली तरी थायरॉइडला कामाला लावणं, किडनीवरच्या ग्रंथींना आदेश देणं, पाळी आणि वीर्यनिर्मिती सुरू करणं, बाळंतिणीला दूध येणं हे सगळं तिच्या हार्मोनवर चालतं. आणि उंचीही. पिट्यूटरीतून ग्रोथ हार्मोन रक्तात येतं, यकृताला आणि हाडांना आयजीएफ-१ नावाचा दुसरा पदार्थ बनवायला लावतं आणि हाडांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेत नव्या पेशी तयार होतात. हाड लांब होतं, मूल उंच होतं.

पण पिट्यूटरीसुद्धा स्वतःच्या मर्जीने चालत नाही. तिच्या वर मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग आहे. तो जीएचआरएच नावाचा निरोप पाठवतो: ग्रोथ हार्मोन सोड. पिट्यूटरीच्या पेशींवर हा निरोप घेणारं एक कुलूप असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. किल्ली बसली तर कुलूप उघडतं आणि हार्मोन बाहेर पडतं. हा निरोप, म्हणजे जीएचआरएच, शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो १९८२ साली आणि तोही मेंदूतून नाही. स्वादुपिंडात गाठ असलेल्या रुग्णांमध्ये ती गाठच हा पदार्थ भरमसाट बनवत होती, तिथून तो वेगळा काढला गेला.

या लेखातली सगळी गोष्ट त्या कुलपाची आहे.

परळचा एक रस्ता

मुंबईत परळला आचार्य दोंदे मार्गावर दोन मोठी रुग्णालयं आहेत. एक १९२६ साली सुरू झालेलं केईएम आणि दुसरं लहान मुलांचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय. गिरणगावातल्या कामगारांची मुलं जशी इथे आली, तशीच राज्यभरातून 'मुंबईला दाखवा' असं सांगून पाठवलेली मुलंही आली. आजही येतात.

डॉ. देसाईंनी वाडियामध्ये मुलांच्या हार्मोन विकारांचं काम केलं, तेव्हा ही वेगळी शाखा आहे हेच भारतात फार जणांना पटलेलं नव्हतं. खुजं मूल आलं की कुपोषण, जंत, टीबी एवढाच विचार व्हायचा. तो चुकीचा होता असं नाही. आपल्याकडे उंची कमी असण्याची मोठी कारणं आजही पोषण, सततचे आजार आणि आनुवंशिक ठेवण हीच आहेत. अडचण एवढीच की या गर्दीत हार्मोनची कमतरता असलेलं मूल हरवून जायचं. त्याला टॉनिक लिहून दिलं जायचं आणि वर्षं निघून जायची.

म्हणून आधी प्रश्नाचा आकार मोजायला हवा होता. १९९१ साली डॉ. कोलासो, डॉ. देसाई आणि डॉ. चोक्सी यांनी भारतीय मुलांमधल्या कमी उंचीच्या प्रश्नाची व्याप्ती किती, यावर निबंध लिहिला. अशा कामाला बातमीत जागा मिळत नाही, पण ते झाल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. कोणत्या कारणाने किती मुलं खुजी राहतात हे कळलं, तरच कुणाची कोणती तपासणी करायची हे ठरवता येतं.

त्यांचं दुसरं मोठं काम नवजात बाळांच्या थायरॉइडचं. बाळाच्या रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवायचे आणि त्यावरून थायरॉइड नीट चालतंय का ते तपासायचं, अशी पाहणी त्यांनी मुंबईत केली. थायरॉइड कमी असलेलं बाळ पहिल्या काही आठवड्यांत सापडलं तर रोजच्या एका स्वस्त गोळीवर ते इतर मुलांसारखं वाढतं. नाही सापडलं तर उंचीही खुंटते आणि बुद्धीही. डॉ. विजयालक्ष्मी भाटिया आणि डॉ. पी. एस. एन. मेनन यांच्यासोबत त्यांनी संपादित केलेलं मुलांच्या हार्मोन विकारांवरचं पुस्तक भारतातल्या डॉक्टरांच्या हाती आलं ते २००१ साली.

रक्त तपासलं तरी कळत का नाही?

साखर तपासतात तसं ग्रोथ हार्मोन का तपासत नाहीत? कारण ते दिवसभर एकसारखं वाहत नाही. ते झटक्याझटक्याने सुटतं आणि सगळ्यात मोठा झटका रात्रीच्या गाढ झोपेत येतो. सकाळी अकरा वाजता धडधाकट मुलाचं रक्त घेतलं तरी आकडा जवळपास शून्य येऊ शकतो.

म्हणून पिट्यूटरीला मुद्दाम डिवचावं लागतं. मुलाला क्लोनिडिन किंवा ग्लुकागॉनसारखं औषध देतात आणि ठरावीक वेळाने चार-पाच वेळा रक्त घेतात. एवढं करूनही हार्मोन वर आलं नाही, तर कमतरता धरतात. इन्सुलिन देऊन साखर खाली आणायची जुनी पद्धतही आहे, पण ती डॉक्टर शेजारी बसल्याशिवाय करायची नसते. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम. त्याआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, किडनी, गहू न सोसण्याचा आजार म्हणजे सेलिॲक तपासून झालेलं असावं लागतं. मुलींमध्ये टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची तपासणीही. शिवाय डाव्या हाताचा एक्स-रे काढतात आणि त्यावरून हाडांचं वय ठरतं. दहा वर्षांच्या मुलाचं हाड सहा वर्षांचं दिसू शकतं. ही खरं तर दिलासा देणारी गोष्ट असते, कारण वाढायला अजून जागा आहे.

एक अक्षर बदललं आणि कुलूप अर्धवटच बनलं

आता जनुकाकडे येऊ.

१९९६ साली 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन चुलत-मावस नात्यातल्या मुलांची माहिती छापली. कुटुंब मूळचं भारतीय, मुस्लिम, नात्यात लग्नं झालेलं. दोघांची उंची अतिशय कमी होती, ग्रोथ हार्मोन जवळजवळ नव्हतं, बाकी पिट्यूटरी ठीक. त्यांच्या जीएचआरएच रिसेप्टरच्या जनुकात एका जागी 'जी' या अक्षराऐवजी 'टी' आलं होतं.

डीएनएची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची असते. 'जीएजी' म्हणजे एक ठरावीक अमिनो आम्ल जोड. 'टीएजी' म्हणजे पूर्णविराम, इथे थांब. एका अक्षराच्या बदलाने वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडला. हे कुलूप ४२३ अमिनो आम्लांचं असतं, पण बिघाड असलेल्या मुलांमध्ये ७२ व्या जागी काम थांबतं. म्हणजे कुलपाचा जेमतेम सहावा हिस्सा तयार होतो. मेंदू निरोप पाठवत राहतो, पण तो घ्यायला दारावर कुणी नाही. या बिघाडाला शास्त्रज्ञ ई७२एक्स म्हणतात.

त्यानंतर ही चूक भलत्याच ठिकाणी दिसू लागली. अमेरिकेतले डॉ. हिरालाल माहेश्वरी आणि डॉ. गेरहार्ड बाउमान यांनी पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातल्या, एकमेकांशी नातं असलेल्या १८ खुज्या माणसांचा अभ्यास १९९८ साली छापला. या माणसांची बातमी आधी वर्तमानपत्रात आली होती, त्यातून हा शोध सुरू झाला. मोठ्या पुरुषांची उंची सरासरी १३० सेंटीमीटर, म्हणजे सव्वाचार फूट. अंगाचं प्रमाण व्यवस्थित, बुद्धी व्यवस्थित. जनुकातली चूक? तीच. त्याच वर्षी श्रीलंकेतल्या एका तमिळ कुटुंबातही तीच सापडली.

मग मुंबईचं काम आलं. मुंबईतल्या कुटुंबांचे रक्तनमुने आणि जपानमधल्या नागोयाच्या गटाची जनुकशास्त्राची प्रयोगशाळा, अशी ही जोडी होती. २००४ च्या निबंधाने सरळ म्हटलं की पश्चिम भारतात घराण्यात चालत आलेल्या, फक्त ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेचं मुख्य कारण ई७२एक्स हेच आहे. पुढच्या वर्षी डॉ. देसाई आणि सहकाऱ्यांनी या मुलांचा वैद्यकीय तपशील मांडला.

२००४ च्या निबंधात आणखी एक मुद्दा आहे आणि तो आपल्या इतिहासाशी जोडलेला आहे. जनुकाच्या शेजारी डीएनएचे असे तुकडे असतात जिथे दोन अक्षरांची जोडी पुन्हा पुन्हा येते, कुणाकडे जास्त वेळा, कुणाकडे कमी. एकमेकांशी ओळखपाळख नसलेल्या कुटुंबांमध्ये बिघडलेल्या जनुकाशेजारची ही मोजदाद जुळत होती. याचा अर्थ ही चूक प्रत्येक घरात नव्याने झालेली नसावी. कधी काळी एका माणसात ती झाली आणि त्याच्या वंशजांमधून पसरली. सिंध आणि मुंबई यांच्यामध्ये सरहद्द १९४७ साली आली. ही चूक त्याआधीची असणार, याबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही.

यानंतर काम थांबलं नाही. त्याच रस्त्यावरच्या केईएममध्ये डॉ. नलिनी शाह, डॉ. तुषार बांदगर, डॉ. अनुराग लिला यांच्या विभागाने याच जनुकातला वेगळ्या प्रकारचा मोठा बिघाड भारतीय रुग्णांमध्ये दाखवला. हा विभाग पिट्यूटरीच्या गाठींसाठीही ओळखला जातो. लहान मुलांमधला कुशिंग आजार हा त्यातला एक. त्यात मूल जाड होत जातं आणि उंची मात्र थांबते. म्हणून डॉक्टर एक साधी खूण सांगतात: नुसत्या जास्त खाण्याने जाड झालेलं मूल सहसा उंचही असतं, जाड होत असताना उंची थांबली तर तपासा.

नात्यातलं लग्न म्हणजेच आजार का?

नाही. पण हिशोब समजून घ्यायला हवा. या बिघाडाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून अशा दोन्ही प्रती मिळाल्या तरच आजार होतो. एकच प्रत असलेला माणूस सर्वसाधारण उंचीचा असतो आणि त्याला हे कधीच कळत नाही. असे दोन वाहक जोडीदार झाले, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के. प्रत्येक वेळी २५ टक्के, म्हणजे 'एक झालं, आता पुढची तीन सुटली' असं नसतं. हा गैरसमज फार घरांत असतो.

एकाच आजोबांची नातवंडं एकमेकांशी लग्न करतात तेव्हा दोघांकडे तीच दुर्मीळ प्रत असण्याची शक्यता वाढते. पहिले दोन अभ्यास मुस्लिम कुटुंबांतले होते म्हणून हा विषय एका धर्मावर ढकलण्याचा मोह होतो, पण त्याला अर्थ नाही. महाराष्ट्रात कित्येक हिंदू जातींमध्ये मामाच्या मुलीशी लग्न ही रीतच आहे. आणि नात्यात लग्न नसलं तरी पिढ्यानपिढ्या त्याच पंचक्रोशीत, त्याच जातीत सोयरीक होत असेल, तर जनुकं त्याच डबक्यात फिरत राहतात.

एक वाईट भाग इथेच येतो. घरात अशी मुलगी असली की कुटुंब बोलत नाही, कारण तिच्या आणि तिच्या बहिणींच्या लग्नाचा प्रश्न होतो. मुलगा असेल तर उलट: 'पोरगा बुटका राहील' म्हणून त्याला लवकर दाखवतात. उंचीच्या तक्रारीसाठी मुलींपेक्षा मुलगे जास्त आणले जातात, हा जगभरातल्या डॉक्टरांचा अनुभव आहे. मुलीची उंची कमी असली तर 'नाजूक आहे' म्हणून चालवून घेतलं जातं आणि टर्नर सिंड्रोमसारखी गोष्ट तेराव्या-चौदाव्या वर्षी पाळी आली नाही म्हणून कळते. तोवर उंचीसाठीची बरीच वर्षं हातची गेलेली असतात.

इंजेक्शन कुठून आलं?

गाय-डुकराचं इन्सुलिन माणसाला चाललं, पण ग्रोथ हार्मोन चाललं नाही. माणसाला माणसाचंच लागतं. १९५८ साली डॉ. मॉरिस रेबन यांनी मृत माणसांच्या पिट्यूटरीतून काढलेलं हार्मोन एका किशोरवयीन मुलाला दिल्याचं आणि तो वाढल्याचं कळवलं. पुढची सत्तावीस वर्षं हेच चाललं. एका मुलाच्या उपचाराला कितीतरी मृतांच्या ग्रंथी लागायच्या.

१९८५ साली हे सगळं कोसळलं. लहानपणी हे इंजेक्शन घेतलेल्या काही तरुणांना क्रॉयट्झफेल्ट-याकोब हा मेंदू कुजवणारा आजार झाल्याचं उघड झालं. मृतांच्या ग्रंथींसोबत तो आला होता. अमेरिकेत ते हार्मोन तातडीने थांबवलं गेलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या हार्मोनला मान्यता मिळाली. आज मिळतं ते हेच, प्रयोगशाळेतलं.

ते रोज रात्री त्वचेखाली टोचायचं असतं, वर्षानुवर्षं. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे मूल वाढतं तसा खर्चही वाढतो. बाजारात 'उंची वाढवणाऱ्या' पावडरी आणि गोळ्या विकल्या जातात, त्यांच्या जाहिराती सिन्नरच्या एसटी स्टँडवरच्या माणसाच्या मोबाइलवरही येतात. ग्रोथ हार्मोन हे प्रथिन आहे. तोंडाने घेतलं तर डाळीसारखं पचून जातं. पावडरीतून ते शरीरात जाणं शक्यच नाही.

ई७२एक्स असलेल्या मुलांना इंजेक्शनचा चांगला उपयोग होतो, कारण त्यांच्यात बिघाड फक्त हार्मोन सुटण्याच्या पायरीवर आहे, पुढची सगळी व्यवस्था शाबूत आहे. अट एकच: हाडांची टोकं जुळून येण्याआधी सुरुवात व्हायला हवी. एकदा ती जुळली की कितीही इंजेक्शनं दिली तरी उंची वाढत नाही.

उपचार न मिळालेल्यांचं काय होतं? याचं उत्तर ब्राझीलमधल्या इताबायानिन्या या गावाने दिलं. तिथे याच जनुकातल्या दुसऱ्या एका बिघाडामुळे शंभरहून जास्त माणसं खुजी आहेत आणि डॉ. मानुएल अगियार-ओलिव्हेरा त्यांच्यावर वर्षानुवर्षं अभ्यास करत आहेत. ही माणसं शेती करतात, संसार करतात, म्हातारी होतात. आयुष्य सहसा कमी होत नाही. त्रास होतो तो बसच्या पायरीचा, काउंटरच्या उंचीचा आणि लोकांच्या नजरेचा.

सिन्नरमधल्या पालकांनी काय पाहायचं?

पहिली गोष्ट, मोजायचं. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटीमीटर वाढतं. चारपेक्षा कमी वाढ होत असेल तर डॉक्टरांना विचारायला हवं. दरवर्षी वाढदिवसाला भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली तरी पुरतं. गेल्या वर्षीचीच पँट आखूड न होता बसत असेल, तर तीही एक खूणच.

दुसरं, आईवडिलांच्या उंचीचा हिशोब. दोघांच्या उंचीची सरासरी काढायची, मुलगा असेल तर त्यात साडेसहा सेंटीमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर तेवढेच वजा करायचे. वडील १६८ आणि आई १५५ असेल तर सरासरी १६१.५. मुलगा १६८ च्या आसपास जाईल, मुलगी १५५ च्या आसपास. पण आईवडीलच फार बुटके असतील तर हा हिशोब फसवतो, कारण आजार त्यांच्यातही असू शकतो.

तिसरं, तक्ता. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत. ते बनवण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. तक्त्यातल्या सगळ्यात खालच्या, तिसऱ्या रेषेच्याही खाली मूल असेल, किंवा आधी वरच्या रेषेवर असलेलं मूल खालच्या रेषेवर घसरत असेल, तर थांबू नये. घसरण ही नुसत्या कमी उंचीपेक्षा जास्त बोलकी असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी मुलाची उंची लिहून घेतली जाते, पण तो आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिला जातो का, हा खरा प्रश्न आहे. पालकांनी तो कागदावर मागून घ्यावा. पुढच्या तपासण्यांसाठी नाशिक तीस किलोमीटर, पण हार्मोन डिवचून पाहण्याची चाचणी आणि जनुकीय तपासणीसाठी अनेकांना पुणे किंवा मुंबईच गाठावी लागते. मुंबई दोनशे किलोमीटरच्या आसपास. विडी वळणाऱ्या किंवा माळेगाव एमआयडीसीत रोजंदारीवर असलेल्या घरात अशी एक फेरी म्हणजे दोन दिवसांची मजुरी. म्हणून जाण्याआधी शाळेतल्या नोंदी, जुने फोटो, आईवडिलांची मोजलेली उंची आणि आधीचे सगळे रिपोर्ट बरोबर घेतले, तर निदान एक फेरी वाचते.

आणि एका मुलात निदान झालं, तर त्याच्या लहान भावंडांनाही त्याच फेरीत बरोबर न्यावं. अंगणवाडीतल्या भावंडाची उंची अजून फार मागे पडलेली दिसत नसली, तरी रक्ताच्या एका नमुन्यातून त्याच्यात ही चूक आहे का ते कळतं. असली, तर त्याच्या हातात इंजेक्शनसाठी मोठ्या भावंडापेक्षा पाच-सहा वर्षं जास्त असतात.